लहान पदाचे मोठे काम



माणसामाणसांतील वर्तन सांगणारी इंग्रजी जोडक्रियापदे आणि तुलनेचे वाक्प्रयोग हा या अंकातील पाठाचा विषय आहे. शालेय प्रश्नपत्रिकेत त्यास थोडेसेच गुण असतात आणि म्हणून तो तेवढ्यापुरताच पाठ केला जातो. वस्तुतः इंग्रजीत आपले बोलणे आदराचे ठरते की उद्धटपणाचे, हे बहुतांशी याच विषयावर अवलंबून असते.

मराठीत आदर दाखविण्यासाठी फारसे श्रम घ्यावे लागत नाहीत. 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' ही तीन सर्वनामे आपले काम चोख करतात. 'नातू आला' आणि 'आजोबा आले' या दोन वाक्यांतील भेद क्रियापद स्वतःच सांभाळते. ज्यांच्या घरी मारवाडी बोलली जाते त्यांना 'काकासा', 'बाईसा' यांतील 'सा' चे मोल ठाऊक आहे. इंग्रजीत मात्र आजोबा, नातू, आडत्या आणि गिऱ्हाईक या सर्वांना एकच 'यू'. आजोबाही 'केम' आणि नातूही 'केम'. मग इंग्रजी मनुष्य आदर, उपेक्षा, आधार, दगा हे सारे कशातून व्यक्त करतो? त्याचे एक मोठे साधन म्हणजे क्रियापदामागे येणारे 'अप', 'डाऊन', 'ऑफ', 'आउट', 'बाय' असे एखादे लहानसे पद.

'लुक' म्हणजे पाहणे हे पहिलीतील मुलासही ठाऊक असते. पण 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळ करणे, 'लुक इन्टू' म्हणजे प्रकरणाची चौकशी करणे, 'लुक अप टु' म्हणजे एखाद्याविषयी मनात आदर बाळगणे आणि 'लुक डाऊन ऑन' म्हणजे त्यास तुच्छ लेखणे. नातवाला म्हणावयाचे असते, 'आय लुक अप टु माय ग्रँडफादर.' तेथे 'अप टु' च्या जागी 'डाऊन ऑन' आले, तर व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष राहते. नाते मात्र उलटे होते. परीक्षेत अशा चुकीचा एक गुण जातो. घरात किंवा व्यवहारात त्याहून अधिक काही जाऊ शकते.

ही अडचण केवळ आपलीच आहे असे नाही. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेत नमूद केले आहे की, परकीयांना सर्वांत अवघड जातात ती अशा पदांनी अर्थ पालटणारी क्रियापदे. या क्रियापदांना आज 'फ्रेजल व्हर्ब' म्हणतात. हे नाव रूढ केले लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी, 1925 च्या आपल्या ग्रंथात. आणि ते आपणांस ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचविले, असे त्यांनीच सांगितले आहे. म्हणजे नाव जेमतेम शंभर वर्षांचे; व्यवहार मात्र फार जुना.

मराठीतून जाणारी वाट

महाराष्ट्रात जून 2000 पासून पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविले जाऊ लागले. त्याआधीच्या अनेक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. त्या पाठमालेची रीत साधी होती : मराठी वाक्य समोर ठेवावे आणि त्याचे इंग्रजी करावे. आज ती रीत जुनाट मानली जाते. तथापि वर्तनाच्या क्रियापदांपुरती तरी ती उपयुक्त आहे, कारण जी युक्ती इंग्रजी वापरते तिच्याशी मिळतीजुळती युक्ती मराठीतही आहे.

'पाठ' हा शब्द घ्यावा. 'पाठीशी उभे राहणे' म्हणजे आधार देणे. 'पाठीशी घालणे' म्हणजे दोषी माणसावर पांघरूण घालणे. 'पाठीस लागणे' म्हणजे पिच्छा पुरविणे. 'पाठ फिरविणे' म्हणजे ऐन वेळी सोडून जाणे आणि 'पाठ थोपटणे' म्हणजे शाबासकी देणे. शब्द एकच, परंतु त्याच्या सोबतीला आलेले क्रियापद बदलताच वर्तन बदलते. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली प्रथम निघाला आणि 1857 साली त्याची दुसरी आवृत्ती आली. त्यात 'हात', 'तोंड' असे शब्द उघडून पाहावेत. एकेका शब्दाखाली अशा प्रयोगांची लांबलचक रांग आढळते.

दोन भाषांतील फरक एवढाच की, या प्रयोगांत मराठी नाम स्थिर ठेवते आणि क्रियापद बदलते. इंग्रजी क्रियापद स्थिर ठेवते आणि मागचे लहान पद बदलते. शिवाय मराठीतही मागे येणाऱ्या शब्दाने भाव पालटण्याची सोय आहेच. 'बोलून टाकले' म्हणजे मनातले एकदाचे मोकळे केले. 'बोलून बसला' म्हणजे नको ते तोंडून गेले. 'बोलून दाखविले' म्हणजे समोरच्यास मुद्दाम ऐकविले. 'बोलून घेतले' म्हणजे आपापसांत विचारविनिमय केला. आपल्या घरातील ज्या आजीने शाळेचे तोंड पाहिले नाही, तिलाही या चार बोलण्यांतील अंतर अचूक कळते. तेव्हा कमतरता जाणिवेची नाही. केवळ नवीन चिन्हे ओळखीची करून घ्यावयाची आहेत.

दुकानातील क्रियापदे

व्यापारी घरात भाषेचा पहिला संबंध 'शब्दा'शी येतो. खामगावच्या कापूस बाजारात काय किंवा चिखली-मेहकरच्या सोयाबीनच्या सौद्यात काय, कागद होण्यापूर्वी शब्द होतो. म्हणून या गटापासून आरंभ करावा.

'गो बॅक ऑन' म्हणजे दिलेल्या शब्दावरून फिरणे. 'ही वेंट बॅक ऑन हिज वर्ड' हा इंग्रजीत साधा उल्लेख नव्हे, तो आरोप आहे. 'बॅक आउट ऑफ' म्हणजे ठरलेल्या व्यवहारातून अंग काढून घेणे. त्यातही नापसंती आहे, पण ती सौम्य आहे. कारण माघारीस कधी योग्य निमित्तही असू शकते. 'लेट डाऊन' म्हणजे विश्वास ठेवणाऱ्याची निराशा करणे. शब्दावरून फिरणारा मनुष्य अप्रामाणिक ठरतो, तर 'लेट डाऊन' करणारा कदाचित केवळ दुबळा असतो. याउलट 'स्टँड बाय' म्हणजे अडचणीत पाठीशी उभे राहणे. तसेच आपल्या बोलण्यावर ठाम राहणे. 'ओन अप टु' म्हणजे आपली चूक स्वतःहून कबूल करणे आणि 'मेक अप फॉर' म्हणजे झालेल्या नुकसानीची भरपाई करणे. मालात घट आली असता आधी 'ओन अप टु' आणि लागलीच 'मेक अप फॉर', हा क्रम आपल्या वडीलधाऱ्यांना कोणी इंग्रजीतून शिकविलेला नाही.

'राइट ऑफ' चे उदाहरण विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. उधारी बुडीत खाती टाकणे हा त्याचा हिशेबी अर्थ. परंतु हेच क्रियापद माणसास लावले तर 'हा आता कामातून गेला' असे म्हणून त्यास मोजणेच सोडून देणे, असा अर्थ होतो. 'डोन्ट राइट हिम ऑफ' म्हणजे त्याला एवढ्यात निकालात काढू नका. खतावणीतील शब्द माणसाला लावताना मन जरा थबकते. ते थबकणे इंग्रजीतही असावे.

घरातील क्रियापदे

'गेट अलाँग विथ' म्हणजे एखाद्याशी पटणे. 'फॉल आउट विथ' म्हणजे बिनसणे. 'मेक अप विथ' म्हणजे भांडणानंतर पुन्हा गोडी करणे. 'टेक आफ्टर' म्हणजे रूपाने वा स्वभावाने वडिलांवर, आईवर जाणे. 'ड्रॉप इन' म्हणजे सहज डोकावणे आणि 'सी ऑफ' म्हणजे निरोप देण्यास जाणे. मलकापूर किंवा शेगाव स्थानकावर लेकीला गाडीत बसवून देण्यास सारे घर जाते, त्यास इंग्रजीत 'द फॅमिली वेंट टु सी हर ऑफ' असे म्हणावे.

या गटात दोन जागी फार जपावे लागते. 'पुट अप' म्हणजे पाहुण्यास आपल्या घरी उतरवून घेणे. 'पुट अप विथ' म्हणजे त्रास सोसणे. पुण्याला किंवा बंगळूरला नातेवाइकांकडे राहून परतताना 'थँक यू फॉर पुटिंग मी अप' असे म्हटल्यास 'मला ठेवून घेतलेत, आभारी आहे' असा सरळ अर्थ होतो. 'थँक यू फॉर पुटिंग अप विथ मी' म्हटल्यास 'माझा त्रास सहन केलात' असा अर्थ होतो. विनोदाने आणि विनयाने तेही शोभते. परंतु यजमानाने पाहुण्यास 'वी पुट अप विथ यू' असे म्हटले, तर पाहुणा त्या घराची पायरी पुन्हा चढणार नाही.

दुसरी जागा 'टर्न' ची. 'टर्न डाऊन' म्हणजे एखादा प्रस्ताव नाकारणे; 'टर्न अवे' म्हणजे दारातून परत पाठविणे. स्थळ पसंत नसेल तर 'वी टर्न्ड डाऊन द प्रपोजल' असे म्हणावे. येथे नकार प्रस्तावास आहे, माणसास नाही. 'टर्न' च्या जोडीला 'देम' आणि 'अवे' आले की, कुणाला तरी उंबऱ्यावरून घालविल्याचे चित्र उभे राहते. 'योग आला नाही' असे म्हणून आपण मराठीत जी कोमलता राखतो, तिचा इंग्रजी मार्ग 'डाऊन' आणि 'अवे' यांच्यातील निवडीतून जातो.

पदाचे स्थान

लहान पद क्रियापदाला चिकटून राहते की दूर जाते, हा पुढचा प्रश्न. त्याची कसोटी सर्वनामाने घ्यावी. काही जोड्या सुटतात, आणि त्यांत 'इट', 'हिम', 'हर', 'देम' ही सर्वनामे मधोमध बसतात : 'पुट इट ऑफ' म्हणजे ते पुढे ढकला, 'लेट हिम डाऊन', 'सी हर ऑफ', 'टर्न इट डाऊन'. येथे 'पुट ऑफ इट' असे म्हणणे चूक होय. काही जोड्या सुटत नाहीत. त्यांत सर्वनाम शेवटीच येते : 'लुक आफ्टर हर', 'स्टँड बाय हिम', 'टेक आफ्टर हिम'. आणि ज्यांत क्रियापदामागे दोन पदे असतात, ती साखळी सहसा तुटत नाही : 'लुक अप टु हिम', 'पुट अप विथ इट', 'गेट अलाँग विथ देम'.

दुसरा नियम प्रसंगाचा आहे. जोडक्रियापद हे प्रामुख्याने बोलण्याचे आणि घरगुती पत्राचे धन होय. पुरवठादारास फोनवर 'कॅन वी पुट इट ऑफ?' असे विचारावे. बँकेस किंवा कर खात्यास लिहिताना तेथे 'पोस्टपोन' घालावे. बोलताना 'लुक इन्टू द मॅटर', तर औपचारिक पत्रात 'इन्व्हेस्टिगेट'. आपल्याकडे 'वाट पाहतो' आणि 'प्रतीक्षेत आहे' यांत जे अंतर आहे, तसेच हे.

तिसरी गोष्ट सवयीची. जेथे लहान पद नको तेथेही ते चिकटविण्याचा आपल्याकडे मोह होतो. 'डिस्कस' मध्येच 'विषयी' आहे, म्हणून 'डिस्कस अबाउट' नको. 'कोप विथ' पुरेसे आहे, 'कोप अप विथ' नव्हे. 'रिटर्न' मध्ये परत येणे आहेच, म्हणून 'रिटर्न बॅक' नको. यांहून सांभाळण्याचा प्रयोग म्हणजे 'पास आउट'. आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालये अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतात, आणि पदवीधर मुलगा अभिमानाने सांगतो, 'आय पास्ड आउट फ्रॉम अमरावती युनिव्हर्सिटी.' भारतात हे सर्वांस समजते. इंग्लंड-अमेरिकेत मात्र 'पास आउट' म्हणजे प्रथमतः शुद्ध हरपणे. परदेशी कंपनीच्या मुलाखतीत 'आय ग्रॅज्युएटेड फ्रॉम' असे म्हणावे. ऐकणाऱ्यास विद्यार्थ्याच्या प्रकृतीची चिंता वाटणार नाही.

तुलनेचे वाक्प्रयोग

वर्तनाचे वर्णन करताना प्रत्येक समाज आपल्या अंगणातील प्राण्यांकडे पाहतो, आणि अंगणे वेगळी असतात. मराठीत अत्यंत सालस व्यक्तीस 'गरीब गाय' म्हणतात. इंग्रजीत एखाद्या स्त्रीस 'काऊ' म्हणणे ही शिवी होय. त्या जागी 'ॲज जेंटल ॲज अ लॅम', म्हणजे कोकरासारखी सौम्य, असे म्हणावे. आपल्याकडे घुबड अशुभ आणि उल्लू मूर्ख. इंग्रजीत 'ॲज वाइज ॲज ॲन आउल' म्हणजे मोठा सुज्ञ. मोर आपल्याकडे सौंदर्याचा मानकरी. इंग्रजीत 'ॲज प्राउड ॲज अ पीकॉक' म्हणजे गर्विष्ठ. दोन मित्रांचे मेतकूट फार असेल तर इंग्रजी मनुष्य 'ॲज थिक ॲज थीव्ज' म्हणतो. शब्दशः भाषांतर केले तर दोघेही चोर ठरतात! म्हणून क्रियापदांच्या बाबतीत मराठीचा हात धरून चालावे. प्राण्यांच्या बाबतीत तो सोडावा.

'लाइक' आणि 'ॲज' यांतील भेदही नात्यास स्पर्श करतो. 'ही हेल्प्ड अस लाइक अ ब्रदर' म्हणजे तो भाऊ नसूनही भावासारखा धावून आला. 'ॲज अ ब्रदर' म्हणजे भाऊ या नात्याने त्याने मदत केली. शेजाऱ्याच्या उपकाराचे वर्णन करताना पहिले वाक्य हवे.

तुलनेत सौम्यता कशी राखावी, हे उत्तम कापड-दुकानदारास शिकवावे लागत नाही. गिऱ्हाइकाने स्वस्त वाण उचलले तर 'हे हलके आहे' असे तो म्हणत नाही. 'हे त्याच्याइतके तलम नाही' असे म्हणतो. इंग्रजीतही हीच रीत आहे. 'दिस इज नॉट ॲज फाइन ॲज दॅट' हे सभ्य वाक्य. 'दिस इज वर्स दॅन दॅट' हे तोडून टाकणारे. 'नॉट ॲज... ॲज' या रचनेत कमी असलेल्यालाही थोडा मान उरतो.

हेच तारतम्य माणसांच्या तुलनेत अधिक हवे. 'तुझ्या चुलतभावाला बघ जरा' हे वाक्य आपल्या घराघरांत बोलले जाते. निकालाच्या दिवशी तर अधिकच. इंग्रजीतील त्याचे रूप आहे 'व्हाय कान्ट यू बी मोअर लाइक युवर कझिन?' भाषा कोणतीही असो, ज्याला हे ऐकावे लागते त्याच्या मनातून ते लवकर पुसले जात नाही. आपण हित, मित आणि प्रिय बोलण्याची शिकवण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. 'मोअर दॅन' आणि 'लेस दॅन' शिकविताना तिची आठवण असू द्यावी. उदाहरणे द्यावयाचीच तर तूर आणि हरभऱ्याची द्यावीत, दोन भावांची देऊ नयेत. माणसाची तुलना त्याच्या कालच्या स्वतःशी करावी : 'यू आर मोअर पेशंट दॅन बिफोर.'

या सर्व प्रयोगांत व्यापारी घराने अवश्य जपावे असे एक कुटुंब आहे, 'ॲज गुड ॲज' चे. 'ॲज गुड ॲज न्यू' म्हणजे नव्यासारखेच. 'ॲज गुड ॲज डन' म्हणजे झाल्यात जमा. 'ॲज गुड ॲज गोल्ड' हे प्रामुख्याने गुणी, शांत मुलाविषयी म्हणतात. आणि 'ॲज गुड ॲज हिज वर्ड' म्हणजे जसे बोलला तसे वागला, दिलेला शब्द पाळला. 'ही वॉज ॲज गुड ॲज हिज वर्ड' यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र बाजारात मिळणे कठीण.

कोणासोबत शिकावे?

आज अनेक घरांत नातू इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातो आणि आजोबांना इंग्रजी येत नाही. नातवाला 'गो बॅक ऑन' चा अर्थ पाठ असतो. पण त्याने अद्याप कोणास शब्द दिलेला नसतो आणि कोणी त्याच्याशी शब्द मोडलेलाही नसतो. आजोबांना इंग्रजी शब्द ठाऊक नसतो. परंतु कोणत्या साली कोणता सौदा कोणी तोंडी दिलेल्या शब्दावर निभावला, भाव कोसळल्यावर कोण उभा राहिला आणि कोण फिरला, हे सारे त्यांच्या स्मरणात असते. एकाजवळ चिन्ह आहे, दुसऱ्याजवळ अर्थ. दोघे एकत्र बसले नाहीत तर चिन्ह पोकळ राहते आणि अर्थ त्यांच्याबरोबरच जातो. एवढेच नव्हे, तर ज्या मुलाला इंग्रजी येते तो न येणाऱ्या वडीलधाऱ्यास हळूहळू 'लुक डाऊन ऑन' करू लागण्याचा धोका असतो; आणि मग 'लुक अप टु' हा धडा त्याने कितीही गुणांनी उत्तीर्ण केला तरी तो शिकला असे म्हणता येत नाही.

म्हणून शब्दसूची पाठ करण्याऐवजी एक वही करावी. डाव्या पानावर आजोबांनी किंवा आजींनी सांगितलेली खरी घटना मराठीत दोन ओळींत लिहावी; उजव्या पानावर त्या घटनेस लागू पडणारे इंग्रजी जोडक्रियापद घालून एक वाक्य लिहावे. आठवड्यास तीन घटना पुरेत. आपल्या माणसांच्या घटनेशी बांधलेले क्रियापद सहसा विसरले जात नाही.

स्वाध्याय

पुढील वाक्ये घरातील वडीलधाऱ्यांसमोर मोठ्याने वाचावीत आणि त्यांचे इंग्रजी करावे. सर्व प्रयोग वरील पाठात आलेले आहेत.

1. भाव उतरले, तरी तो ठरलेल्या सौद्यातून मागे हटला नाही.
2. तुम्ही आम्हांला चार दिवस आपल्या घरी ठेवून घेतले, आम्ही आभारी आहोत.
3. ती स्वभावाने आजीवर गेली आहे.
4. बैठक पुढील सोमवारपर्यंत पुढे ढकलू या. (हे वाक्य दोनदा करावे : एकदा फोनवर बोलल्यासारखे, एकदा पत्रातले.)
5. हे कापड त्या कापडाइतके तलम नाही.
6. दोघा भागीदारांचे बिनसले होते, पण दिवाळीपूर्वी त्यांनी पुन्हा गोडी केली.
7. शेठजींनी शब्द दिला होता आणि तो त्यांनी पाळला.

सातव्या वाक्याचे भाषांतर झाल्यावर मुलांनी वडीलधाऱ्यांना एक प्रश्न अवश्य विचारावा : असा मनुष्य आपण कोणता पाहिला? उत्तर मराठीत, मारवाडीत वा वऱ्हाडीत आले तरी चालेल. वहीच्या डाव्या पानाची सुरुवात तेथूनच करावी.